मदत हवी आहे : सोलापुरात जुन्या वस्तू गोळा करून वाटतोय, कपड्यांचा ढीग आवरेना

नमस्कार मंडळी,

असं काम कुणी केलं असेल किंवा जवळून पाहिलं असेल, तर त्यांचा सल्ला हवाय. जरा लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही जुळे सोलापूर आणि विजापूर रोड भागातले काही जण. दोघं निवृत्त शिक्षक, एक बँकवाले काका, तीन-चार गृहिणी आणि सुट्टीच्या दिवशी येणारी कॉलेजची पोरं. घरोघरी पडून असलेल्या पण वापरण्याजोग्या वस्तू आणायच्या, बघून-पुसून ठेवायच्या आणि ज्याला लागतात त्याला नेऊन द्यायच्या, एवढंच काम. संस्था वगैरे नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा एक ग्रुप, एकाचा रिकामा गाळा आणि दुसऱ्याचा छोटा हत्ती, यावर सगळं चाललंय.

आधी वाटायचं, लोक देतील का? आता प्रश्न आहे, थांबवायचं कसं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, माढा-मोहोळकडच्या गावांत पाणी शिरलं, तेव्हा सोलापुरात ज्याने-त्याने कपाटं रिकामी केली. भावना चांगलीच होती, नाही म्हणत नाही. पण पूर ओसरल्यावर माणसाला लागतं भांडं, अंथरूण, ताडपत्री, पोराचं दप्तर. आमच्याकडे येत होते लग्नातले ब्लेझर आणि खड्यांचे घागरे. तेव्हापासून जो ओघ लागलाय तो लागलाच.

परवा एक पोतं सोडलं. डांबरगोळ्यांचा वास, वरती घडी घातलेल्या दोन चांगल्या साड्या. त्याखाली इलॅस्टिक गेलेल्या लेगिंग्ज, एकाच पायाचा बूट, वापरलेली अंतर्वस्त्रं, कुठल्याशा शाळेचा चौकड्यांचा गणवेश आणि तळाला निम्मी संपलेली खोकल्याच्या औषधाची बाटली, तीही झाकण सैल. साड्यांना डाग पडले ते पडलेच. देणाऱ्या वहिनींचा दुसऱ्या दिवशी मेसेज, 'आमच्या साड्या कुणाला दिल्या, फोटो पाठवा ना.' आम्ही घेणाऱ्यांचे फोटो काढत नाही, हे सांगितलं की निम्मे लोक रुसतात.

गणवेशाची वेगळीच कथा. खिशावर दुसऱ्या शाळेचा बिल्ला असलेला शर्ट घालून पोरगं वर्गात गेलं की बाकीची पोरं काय करतात हे आमच्या शिक्षकांना चांगलं माहीत आहे. म्हणून बसून बिल्ले उसवतो. पण चौकड्यांचं काय उसवणार?

बरं, धुवायचं म्हटलं तर आपल्या गावचं पाणी तुम्हाला ठाऊक आहे. तीन-चार दिवसांनी नळ येणार, त्यात घरचंच भागत नाही, पोतंभर कपडे कोण धुणार?

आणि गंमत बघा, वस्त्यांतून मागणी कशाची येते? पाण्याच्या ड्रमची. घागरी, कॅन, झाकणाच्या बादल्या. तोटीचा ड्रम आला की संध्याकाळपर्यंत गेलेला असतो. त्याखालोखाल कुकर (बहुतेकांची फक्त रिंग किंवा शिट्टी गेलेली असते, ती आम्ही घालून देतो), टेबल फॅन, सायकल, शिलाई मशीन. सिव्हिलला धाराशिवकडून, कर्नाटकातून पेशंट येतात. त्यांच्या नातेवाइकांना टॉवेल-चादर, ताट-तांब्या लागतो. टॉवेलची मात्र आपल्याकडे ददात नाही. आहेरात आलेले टॉवेल-टोपी प्रत्येक घरात माळ्यावर पडलेले असतात, पॅकिंगसुद्धा फोडलेलं नसतं. हे एक खातं उत्तम चाललंय.

तर विचारायचं हे : कपडे नको म्हणायचे कसे, की माणूसही दुखावू नये आणि ड्रम-फॅन देणारं घरही तुटू नये? साठलेल्या ढिगाचं काय करायचं? तिसरं म्हणजे, फुकट द्यावं की दहा-वीस रुपये घ्यावेत, यावरून आमच्यातच दोन तट पडलेत. बँकवाले काका म्हणतात, फुकटाची किंमत राहत नाही. माझं मन होत नाही, दानात आलेली वस्तू विकायची कशी? आणि गाळामालकांना गाळा भाड्याने द्यायचाय, पावसाळ्याच्या आत रिकामा करून हवाय. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवावं तर आपला मे महिना आहेच.

शेंगाचटणी :
पैसे घ्या हो. मी पूर्व भागातला, अशोक चौकाजवळ वाढलो. आई विड्या वळायची. घरी कुणी जुने कपडे आणून दिले की ती घ्यायची, पण ते कपडे आमच्या अंगावर कधी आले नाहीत, फरशी पुसायला जायचे. तीच आई मंगळवार बाजारात जुन्या कपड्याच्या ढिगातून तासभर निवडून, घासाघीस करून शर्ट आणायची आणि तो मी सणाला घालायचो. विकण्यात पाप वाटत असेल तर विकू नका, पण निवडू तरी द्या. हँगरला लावा, मापाप्रमाणे ठेवा आणि एक आरसा ठेवा. आरसा लई महत्त्वाचा. दहा रुपये डब्यात टाकायचे की नाही ते त्यांच्यावर सोडा. आणि पूर्व भागात येणार असाल तर तेलुगू बोलणारी एखादी ताई बरोबर आणा, बायका खरं काय हवंय ते मोकळेपणाने सांगतील.

अजून एक. कुंभारीच्या रे नगरला गेलाय का? ३०,००० घरांची वसाहत, पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, असंघटित सगळे. झोपडीतून किंवा भाड्याच्या खोलीतून फ्लॅटमध्ये आलेल्या माणसाकडे कपडे असतातच. त्याला मांडणी, पंखा, पडद्याचा रॉड, पोरांना अभ्यासाला टेबल लागतं. तुमच्या जुळे सोलापुरात दर दिवाळीला फर्निचर बदलतात, त्यांना ही दिशा दाखवा.

गोधडीवाली :
ढिगाबद्दल मी सांगते, घरचा धंदा होता. आधी कापडाच्या जातीने वेगळं करा, घालण्याजोगं-न घालण्याजोगं नंतर. सुती साडी, धोतर, जुनी सोलापुरी चादर, सुती परकर वेगळे काढा. यांच्या कौद्या (गोधड्या) होतात. वस्तीतल्या म्हाताऱ्या बायकांना कापड आणि दोरा द्या, शिलाईचे पैसे द्या. कौदी ऊसतोड कामगारांच्या कोपीवर (झोपडीवर) द्या नाहीतर विका. शर्ट-बनियनसारखं सुती, पण फाटकं असेल ते बटणं-चेन काढून चौकोनी कापा. एमआयडीसीत, गॅरेजमध्ये मशीन पुसायला किलोवर घेतात. टेरिकॉट-पॉलिस्टर तेल ओढत नाही, ते त्यात घुसडलंत तर पुढच्या वेळी दारात उभं करणार नाहीत.

राहिलं ते बोहारणीला दाखवा. खरंच सांगते, हसू नका. कुठली साडी कुठे खपेल हे तिला जेवढं कळतं तेवढं आपल्या कुणाला कळत नाही. तुम्ही फुकट वाटत सुटलात तर तिच्याच पोटावर पाय येतो, त्यापेक्षा तिलाच धरा. जरीचे घागरे, ब्लेझर तीच खपवेल. लोकरीचं आणि अगदी टाकाऊ असेल ते भंगारवाल्यांमार्फत पानिपतला जातं, तिथे त्याचं पुन्हा सूत करून ब्लँकेटं करतात. पण त्याला भरपूर माल लागतो, एका गाळ्याने भागत नाही.

सातरस्ता :
मी जरा कडू बोलतो. कपडे घेणं सरळ बंद करा. सहा महिने. ग्रुपवर टाका, 'सध्या फक्त ड्रम, बादल्या, पंखे, कुकर, सायकली, न वापरलेले टॉवेल-चादरी.' रुसणारे रुसू देत. त्यांना कपाट रिकामं करायचंय, तुमची तिथे कचरागाडीच झाली आहे. दारात पोतं उघडून बघायचं आणि नको ते तिथेच परत करायचं. पोतं बंद घेतलं की मेलात.

औषधं तर कुणाचीच घेऊ नका, सीलबंद असली तरी. कशात ठेवली होती, उन्हात होती का, काही कळत नाही.

शेंगाचटणी :
@सातरस्ता, सरसकट बंद नको ओ. लहान पोरांचे कपडे चालतात, पोरं वाढतात, कपडे फाटायच्या आत लहान होतात. शून्य ते पाच वर्षं चालू ठेवा.

सातरस्ता :
हे पटलं. पण तेवढंच.

आणि धागाकर्त्यांनी एका गोष्टीचा विचारच केलेला दिसत नाही. वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून वापरतात ती एअर गादी. आजी-आजोबा गेले की हे सगळं घरात पडून राहतं, बघवत नाही आणि टाकवतही नाही. हे वाटू नका, वापरायला द्या आणि परत घ्या. अनामत घ्या, वस्तू परत आली की रक्कम परत. तिथे तुमचा फुकट की विकत हा वादच मिटतो. देताना ब्रेक, रबरी बूट, चाकांचे नट बघा, आल्यावर ब्लीचच्या पाण्याने पुसा. एअर गादी फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी बसलेली असेल तर पंक्चर आहे. जागाही फार लागत नाही, कारण माल बाहेरच फिरत असतो.

बार्शीकर :
ऊसतोड कामगारांचं कुणी तरी काढलंच आहे म्हणून. टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात, मार्चच्या आगेमागे पट्टा पडला (कारखान्याचं गाळप संपलं) की निघतात. सगळा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतो-जातो. त्यामुळे जड काही देऊ नका. स्वेटर, कानटोप्या द्यायच्या तर थंडी सुरू होताना द्या, फेब्रुवारीत नेऊन काय उपयोग? ताडपत्री, बॅटरी, पाण्याचे कॅन, पोरांना बंद बूट (पाचटात पाय कापतात) एवढं पुष्कळ झालं. फडावर दुपारी कुणी भेटत नाही, संध्याकाळी कोप्यांवर जा.

हिशोबी :
कायद्याचं थोडक्यात. वस्तू गोळा करून वाटता तोवर ठीक, पण उद्या गाळ्याच्या भाड्यासाठी वर्गणी काढलीत तर नोंदणी नसताना धर्मादाय आयुक्त कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी घ्या, गणपती मंडळं घेतात तीच. कायमचं करायचं असेल तर किमान सात जण मिळून संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदणी. मग दरवर्षी ऑडिट आलं, ते कोण करणार हे आधी ठरवा. कुणी ८०जी ची (देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळते ती) पावती मागेल. वस्तुरूप देणगीला ती सवलत नाही, स्पष्ट सांगा.

दानातली वस्तू विकायची कशी, यावर : दिल्लीची 'गूंज' १९९९ पासून हेच काम करते. ते गावाकडे कपडे फुकट वाटत नाहीत आणि विकतही नाहीत. गावाने विहीर साफ करायची, रस्ता दुरुस्त करायचा आणि त्याबदल्यात घरटी कपडे-भांड्यांचा संच घ्यायचा. शहरात हे जसंच्या तसं जमणार नाही, पण पैसा आणि फुकट यांच्या मध्येही काही असतं एवढं त्यातून कळतं.

धागाकर्ता :
सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी गाळ्यावर बसून हा धागा मोठ्याने वाचला.

कपडे उद्यापासून बंद, पाच वर्षांखालचे सोडून. पोतं दारात उघडायचं हे काम कॉलेजच्या पोरांना देतोय, त्यांना संकोच कमी. आरशाची कल्पना आमच्या बायकांना इतकी पटली की एकीने घरचा कपाटाचा आरसा द्यायचं कबूलही केलं. दहा रुपयांच्या डब्यावर अजून एकमत नाही, काका अडून बसलेत आणि खरं सांगायचं तर मीही. रुग्णसाहित्याचं मात्र पक्कं. दोन वॉकर आणि एक कमोड खुर्ची आत्ताच ग्रुपवर आली.

@गोधडीवाली, कौदी शिवणाऱ्या बायका विजापूर रोडच्या बाजूला कुठे भेटतील? आणि एका कौदीला शिलाई किती द्यावी? कमी दिलेलं नको.

@हिशोबी, ४१ क चा अर्ज कोण भरून देईल, हेही सांगा.

आता जागा. होटगी रोड किंवा आसरा चौकाच्या आसपास तळमजल्यावरची, पक्क्या छताची एखादी खोली कुणाकडे रिकामी असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. लाइटचं बिल आम्ही भरू. फार मोठी नको, कपडे गेल्यावर उरतंय किती? ड्रम तर राहतच नाहीत.