लाल फ्रॉक झाडाला बांधू का? (विनिपेग, ५ मे)

कांचन_विनिपेग

नमस्कार मंडळी. आम्ही दोन वर्षांपूर्वी सोलापूरहून इथे आलो. ५ मे ला कॅनडात 'रेड ड्रेस डे' असतो. मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या मूळनिवासी बायका-मुलींच्या आठवणीत लोक झाडांना, खिडक्यांना रिकामे लाल ड्रेस टांगतात. शाळेतून चिठ्ठी आलीये आणि चौथीतली लेक मागे लागलीये, आपल्या दारातल्या झाडालाही बांधू म्हणून. घरात लाल म्हणजे माझा लग्नातला शालू आणि तिला आखूड झालेला एक फ्रॉक. बाहेरून आलेल्या माणसांनी हे केलेलं चालतं का? कुणाला वाईट तर वाटणार नाही ना?

आणखी एक गोष्ट मनात सलतेय. जानेवारीत बसस्टॉपवर एक सोळा-सतरा वर्षांची मूळनिवासी मुलगी आली. हातमोजे नव्हते, बाह्या ओढून बोटं झाकली होती. "मावशीला फोन करायचाय, जरा फोन द्याल?" म्हणाली. मी बॅटरी संपल्याचं सांगितलं. फोन कोटाच्या खिशात चांगला चालू होता. आल्या आल्या आपल्याच लोकांनी बजावलं होतं, नॉर्थ एंडमध्ये (मूळनिवासी वस्तीचा भाग) घर बघू नका, 'त्या' लोकांपासून लांब राहा. तेच डोक्यात होतं. बस आली, मी चढले, ती तिथेच उभी. ज्या बाईने फोन दिला नाही तिने लाल फ्रॉक बांधायचा, हे मला जमत नाहीये.

अनघा_ब

कांचन, वयाने मोठी आहे म्हणून तुला 'तू'च म्हणते. मला विनिपेगमध्ये १४ वर्षं झाली. चार हिवाळे बेअर क्लॅन या मूळनिवासींच्या स्वयंसेवी गटाच्या गस्तीबरोबर नॉर्थ एंडमध्येच चालतेय.

आधी फोनचं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये टीना फोंटेन नावाच्या १५ वर्षांच्या मुलीचा मृतदेह इथल्या रेड नदीत सापडला. शेवटच्या काही दिवसांत ती पोलिसांना दिसली होती, हॉस्पिटलात होती, बालकल्याण खात्याच्या माणसांना भेटली होती. प्रत्येकाच्या हातून ती सुटत गेली. हे वाचलं तेव्हा मलाही माझे बसस्टॉप आठवले. तुझ्या हातून झालं ते झालं, पुढच्या वेळी फोन दे. तिचं बोलणं होईपर्यंत शेजारी उभी राहा, बस गेली तर जाऊ दे.

टीनानंतर या शहरातले मूळनिवासी लोक सरकारची वाट बघत बसले नाहीत. बर्नाडेट स्मिथची बहीण २००८ पासून बेपत्ता आहे. बर्नाडेटने 'ड्रॅग द रेड' सुरू केलं. साध्या होड्या, मागे साखळ्या आणि लोखंडी गळ, आणि गढूळ नदीचा तळ आपल्या हातांनी चाचपायचा. एखादी बाई त्या पाण्यात आपली बहीण शोधते, म्हणजे तिचा बाकी सगळ्यांवरचा भरवसा किती उडाला असेल बघ. (ती पुढे आमदार झाली, मंत्रीही झाली.) बेअर क्लॅनची गस्त मूळची १९९२ ची, मध्ये बंद पडली होती, ती टीनानंतरच पुन्हा उभी राहिली. अनिशिनाबे या इथल्या मूळनिवासी लोकांच्या कुळांमध्ये अस्वलाचं कूळ राखणदारांचं. आम्ही काय करतो? चालतो. उणे तीसमध्येही. सँडविच, पाणी, कोरडे मोजे वाटतो, वापरलेल्या सुया चिमट्याने उचलून डब्यात टाकतो, कुणी एकटी दिसली तर "घरी सोडायचं का?" विचारतो. कोरडे मोजे सगळ्यात आधी संपतात.

मोजदादसुद्धा आधी बायकांनीच केली. मूळनिवासी महिलांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१० पर्यंत ५८२ जणींची नोंद केली. राष्ट्रीय पोलीस दलाचा आकडा २०१४ मध्ये आला : १९८० ते २०१२ मध्ये १,०१७ खून, आणि त्याहून जुन्या नोंदी धरून १६४ बेपत्ता.

आणि कचरा डेपोचं तू आल्यावर ऐकलंच असशील. मॉर्गन हॅरिस आणि मार्सेडेस मायरन या दोन मूळनिवासी बायकांना एकाच माणसाने मारलं. त्यांचे अवशेष प्रेअरी ग्रीन डेपोत असल्याचं कळूनही पोलिसांनी २०२२ मध्ये शोध घेणार नाही म्हणून सांगितलं. मॉर्गनच्या मुलींनी तंबू ठोकले, रस्ता अडवला, संसदेपर्यंत गेल्या. शोध सुरू झाला २०२४ च्या डिसेंबरमध्ये. २०२५ च्या मार्चमध्ये दोघींची ओळख पटली. आपली आई कचऱ्यात नको, एवढंच मागणं होतं, आणि त्याला दोन वर्षांहून जास्त लागली. त्याच खुन्याची आणखी एक बळी बराच काळ ओळखूच आली नव्हती. तिला बिननावाची ठेवायची नाही म्हणून मूळनिवासी आज्यांनी नाव दिलं, बफेलो वुमन.

आता ड्रेस. ही कल्पना जेमी ब्लॅक या मेटी (मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजातल्या) कलाकार बाईची, २०१० ची, आणि इथलीच. आत्म्यांना फक्त लाल रंग दिसतो, असं तिला एका मूळनिवासी मैत्रिणीने सांगितलं होतं. म्हणजे तो ड्रेस त्या बायकांना बोलावण्यासाठी आहे. आपल्या दारात बांधायला काही हरकत नाही. पण शालू नको. शालू बघून लोक थांबतील ते शालूबद्दल विचारायला. फ्रॉकच बांध. हँगरवर अडकवून भागत नाही, खांदे दोऱ्याने हँगरला शिवून टाक. पहिल्या वर्षी माझा ड्रेस वाऱ्याने उडून रस्त्यात पडला. समोरच्या क्री या मूळनिवासी समाजातल्या आजी तो उचलायला गेल्या आणि तो हातात धरून कितीतरी वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मी काही बोलू शकले नाही. संध्याकाळी आठवणीने उतरव, चिंध्या होईपर्यंत ठेवू नकोस.

दिलीप_प्रिन्स_जॉर्ज

मी ब्रिटिश कोलंबियात हायवे १६ वर ट्रक चालवतो. प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रुपर्ट, सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास. या रस्त्यावर कितीतरी मूळनिवासी मुली मारल्या गेल्या, बेपत्ता झाल्या, म्हणून याला हायवे ऑफ टिअर्स, अश्रूंचा रस्ता म्हणतात. मैलोन् मैल जंगल, कितीतरी ठिकाणी फोनला रेंज नाही. ज्या घरात गाडी नाही तिथल्या मुलींनी डॉक्टरकडे, कामाला जायचं कसं? अंगठा दाखवून. २००६ मध्ये इथल्या लोकांनी परिषद घेऊन ३३ शिफारशी केल्या, त्यात बस हवी हे ठळकपणे होतं. बस धावायला २०१७ उजाडलं. मुलींना 'लिफ्ट मागू नका' सांगणारे फलक मात्र त्याच्या किती आधीपासून उभे होते.

पुरुष मंडळींसाठी एक. २०११ मध्ये याच रस्त्याजवळ एक बाप आणि त्याची मुलगी मूसच्या (मोठ्या हरणाच्या) शिकारीला गेले होते. त्या कातड्याचे चौकोनी तुकडे कापून त्यांनी पुरुषांना कपड्यावर लावायला द्यायला सुरुवात केली, शपथ म्हणून : मी बायकामुलांवर हात उगारणार नाही आणि दुसऱ्याने उगारला तर गप्प बसणार नाही. माझ्या जॅकेटवर तो तुकडा आहे. माल चढवताना कुणीतरी विचारतंच, मग सांगावं लागतं, आणि सांगितलं की स्वतःलाही तसंच वागावं लागतं.

ऋता१९

या सगळ्याबद्दल वाचताना 'टू-स्पिरिट' शब्द सारखा येतो. म्हणजे आपल्याकडचे तृतीयपंथी का?

अनघा_ब

नाही गं, तसं भाषांतर करू नकोस. बाई किंवा पुरुष या ठरीव चौकटीत न बसणाऱ्या मूळनिवासी माणसांनी हा शब्द स्वतःसाठी निवडला, १९९० मध्ये विनिपेगजवळच्या एका मेळाव्यात. ओजिब्वे भाषेत 'नीझ मनिदूवग', दोन आत्मे. मूळनिवासी नसलेल्या कुणी तो स्वतःला लावून घ्यायचा नाही. कितीतरी राष्ट्रांमध्ये अशा माणसांना मान होता, विधींमध्ये जागा होती. मिशनऱ्यांनी आणि निवासी शाळांनी (मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवायचे त्या) ती पुसून टाकली. त्यांच्यावरच्या हल्ल्यांची मोजणी तर बायकांपेक्षाही कमी झाली. मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता बायकांबद्दलच्या राष्ट्रीय चौकशीच्या २०१९ च्या अहवालात न्यायासाठी २३१ मागण्या आहेत, त्यात त्यांच्यासाठीचा वेगळा भाग आहे. आमच्या गटात एक टू-स्पिरिट आजोबा आहेत. थंडीत ते सगळ्यांत पुढे चालतात आणि कुठल्या जिन्याखाली कोण झोपलंय हे त्यांना पाठ असतं.

कांचन_विनिपेग

अनघाताई, दिलीपदादा, मनापासून आभार. फ्रॉकचे खांदे काल रात्री शिवले. लेकीने विचारलं, ड्रेसच्या आत कोण आहे? मी टीनाचं नाव सांगितलं, वय सांगितलं, बाकीचं अजून सांगितलं नाही.

ताई, गस्तीला नवीन माणूस चालतं का? माझी गुरुवारी सुट्टी असते. मोज्यांचे दोन डझन जोड आजच घेऊन ठेवलेत.