घरच्या मेल सर्व्हरवरून पाठवलेले मेल परत येतात : उपाय काय?

प्रश्न : टॉवेल_सोलापूर

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. कोटेशन आणि बिले स्वतःच्या डोमेनवरून जावीत व ग्राहकांशी होणारा पत्रव्यवहार आपल्याच ताब्यात राहावा, म्हणून मी घरी पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (मेलपेटी सांभाळणारा प्रोग्रॅम) बसवून मेल सर्व्हर चालवतो. येणारे मेल नीट येतात; परंतु जीमेल वापरणाऱ्या व्यापाऱ्यांना पाठवलेले मेल ‘५५० ५.७.२५’ या त्रुटीसह लगेच परत येतात, आणि इतर काही ठिकाणांहून स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीचा दाखला देऊन नकार मिळतो. मेल खरोखर आमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी बरोबर आहेत. स्थिर आयपीचे, म्हणजे न बदलणाऱ्या इंटरनेट पत्त्याचे, पैसे मी वेगळे भरतो. एकही जाहिरात न पाठवता स्पॅम पाठवणाऱ्यांच्या रांगेत उभे केले जाते, याचा फार मनस्ताप होतो. काय करावे?

उत्तर : जुळे_सोलापूर

हा नकार तुमच्या मजकुराला नसून तुमच्या आयपी पत्त्याला आहे. ५.७.२५ म्हणजे पत्त्यावरून नाव शोधताना पीटीआर नोंद (आयपी पत्त्याचे नाव सांगणारी नोंद) सापडली नाही, किंवा सापडलेले नाव पुन्हा त्याच पत्त्याकडे जात नाही. पुष्कळ जण ही नोंद डोमेनच्या पॅनेलमध्ये शोधत बसतात. पण ती तिथे नसतेच. पत्ता ज्याच्या मालकीचा, नोंद त्याच्या हातात, म्हणजे तुमच्या इंटरनेट कंपनीच्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने ही अट थोडे मेल पाठवणाऱ्यांनाही लावली आहे.

पीबीएल ही गुन्हेगारांची यादी नव्हे. ज्या पत्त्यांवरून थेट मेल निघणे अपेक्षित नाही, असे घरगुती जोडण्यांचे पट्टे तीत असतात आणि त्यांतले बरेचसे इंटरनेट कंपन्यांनीच कळवलेले असतात. स्थिर पत्त्यावर स्वतःचा सर्व्हर असल्यास तेवढाच पत्ता वगळून घेण्याची सोय स्पॅमहाउसच्या संकेतस्थळावर आहे; मात्र आधी पीटीआर करून घ्या. कंपनीला लेखी अर्ज द्या, त्यात आयपी आणि सर्व्हरचे पूर्ण नाव लिहा, आणि पोस्टफिक्स समोरच्या सर्व्हरला ‘हेलो’ म्हणून ओळख देताना तेच नाव सांगतो का, तेही पाहा. आयपीचे आकडे गुंफून केलेले सरसकट नाव कंपनीने दिले, तर ते स्वीकारू नका. अशा नावावरून पत्ता घरगुती असल्याचे समोरच्याला लगेच कळते.

टॉवेल_सोलापूर

अर्ज आधीच दिला होता. लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठी राखलेली इंटरनेट जोडणी) घेतल्याशिवाय पीटीआर मिळणार नाही, असे कंपनीने कळवले. स्थिर आयपी विकताना मात्र हे कोणी सांगितले नव्हते.

उत्तर : विजापूर_रोड

मग कंपनीशी भांडण्यात वेळ घालवू नका. लीज्ड लाइनचा खर्च छोट्या कारखान्याला परवडणारा नाही. जाणारे मेल तेवढे एखाद्या रिले सेवेमार्फत (आपले मेल स्वतःच्या सर्व्हरवरून पुढे पाठवणाऱ्या सेवेमार्फत) ५८७ क्रमांकाच्या पोर्टवरून पाठवा. पोस्टफिक्समध्ये मुख्यतः ‘रिलेहोस्ट’ची ओळ आणि त्या सेवेचे युजरनेम-पासवर्ड लागतात. एसपीएफमध्ये त्या सेवेचा समावेश करा. डीकेआयएमची सही मात्र घरच्याच सर्व्हरवर होऊ द्या, म्हणजे उद्या सेवा बदलली तरी सहीची गुप्त किल्ली तुमच्याकडेच राहील. ग्राहकांचे मेल पूर्वीप्रमाणेच तुमच्या घरी येतील आणि जुना पत्रव्यवहारही तिथेच राहील. जाणारा मेल रिलेच्या सर्व्हरवरून पुढे जातो, हे मात्र ध्यानात ठेवा.

जुळे_सोलापूर

पीटीआर मिळत नसेल तर मीही हेच सुचवेन, जरी स्थिर आयपीचे पैसे घेऊन ही नोंद नाकारणे मला अन्यायाचे वाटते. लाइट गेली तर येणारे मेल बुडतील, ही भीती बाळगू नका. सर्व्हर बंद दिसला तर पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळातच ५ दिवसांची असते.

टॉवेल_सोलापूर

रिले जोडला. जीमेलवर पाठवलेले चाचणीचे कोटेशन इनबॉक्समध्ये पोहोचले असून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ दिसते. दोघांचेही मनापासून आभार. पीटीआरसाठीची लेखी तक्रार मात्र मी मागे घेणार नाही.