काटेरी लगाम काढायचाय, घोडीला मऊ बिट कोणतं घ्यावं?

सातारी_रपेट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेतून काठेवाडी घोडी घेतलीये, सहा वर्षांची, कुमैत, स्वभावाने अगदी गरीब, पोरं पोटाखालून गेली तरी हलत नाही. पण व्यापाऱ्याने तिच्यासोबत जो लगाम दिलाय तो काटेरी आहे, तोंडातल्या दांडीवर, म्हणजे बिटवर, सगळीकडे टोकं आणि बाहेरून साखळी. तो घातला की घोडी पार बदलून जाते, मान आभाळाकडे टाकते, तोंड आ वासते, जीभ दांडीच्या वरून काढते आणि थांबवायला जरा ओढलं की थांबायच्या ऐवजी अजून जोरात निघते. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांत जुने पांढरे वण आहेत आणि परवा फेस पुसताना त्यात रक्ताचा अंश दिसला, तेव्हापासून मी लगाम घातलेलाच नाहीये.

गावातले जाणते म्हणतात काठेवाडी म्हणजे गरम रक्त, काटा काढलास तर हातात राहणार नाही. ऑनलाइन बघायला गेलो तर एगबट, लूज रिंग, फ्रेंच लिंक, रबरचं, पेल्हम, हॅकमोर, बिटलेस, प्रत्येकाच्या खाली 'सॉफ्ट' असंच लिहिलंय. मला शर्यत मारायची नाही, वरातीत नाचवायची नाही, कालव्याच्या कडेने रपेट आणि सुट्टीत माझी तेरा वर्षांची मुलगी अंगणात बसणार एवढंच. नेमकं काय घेऊ, माप कसं घेऊ, आणि काट्यावरून एकदम साध्यावर आणलं तर चालेल का हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज.

पागा_पुणे

पहिल्यांदा तो काटेरी लगाम खुंटीवरून काढा आणि परत कुणाच्या हातात पडणार नाही असा मोडून टाका. प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ चे जे केंद्राचे नियम आहेत त्यातला आठवा नियम सरळ सांगतो की जनावरावर बसायला, हाकायला किंवा ताब्यात ठेवायला काटे, गाठी, टोकं असलेलं बिट वापरायचं नाही. साठ वर्षं झाली त्याला तरी बाजारात उघड्यावर टांगलेले असतात हे बघून खरंच जीव तळमळतो.

आता तुमची घोडी ओढलं की पळते त्याचं कारण सोपं आहे. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये जी मोकळी जागा असते तिथे बिट बसतं, तिथे हाडावर नुसती पातळ कातडी असते, मांस नाहीच. तिथे टोचलं की घोडं दुखण्यापासून पळतं, आणि दुखणं तर तोंडातच असतं, मग ते कितीही पळालं तरी संपत नाही. तुम्ही जास्त ओढता, ते जास्त पळतं. याला लोक गरम रक्त म्हणतात.

काय घ्यायचं तर दोन सांध्यांचं स्नॅफल, मधे गुळगुळीत गोलसर मणी असलेलं, आणि बाजूच्या कड्या एगबट, म्हणजे दांडीत मोकळ्या न फिरणाऱ्या. स्नॅफल म्हणजे लगाम जेवढा ओढाल तेवढाच दाब तोंडात जातो, दांड्यांची तरफ नसते. पेल्हम, किंबलविक आणि लांब दांड्यांच्या सगळ्या बिटांत तरफ आणि साखळी असते, हातात थोडं ओढलं तरी तोंडात त्याच्या कितीतरी पट जातं, शिवाय कानामागे दाब येतो तो वेगळाच, त्याला वरून रबर चढवलं म्हणून ते मऊ होत नाही. एका सांध्याचं स्नॅफल आपल्याकडे सगळीकडे मिळतं पण ते ओढलं की मधोमध दुमडतं आणि बऱ्याच घोड्यांना, विशेषतः टाळू सपाट असलेल्यांना, ते आवडत नाही. दोन सांध्यांचं जिभेवर पसरून बसतं. एगबट यासाठी की कडी आणि दांडीच्या जोडात ओठ चिमटत नाही, लूज रिंगमध्ये, म्हणजे भोकातून सैल फिरणाऱ्या कडीत, भोक झिजलं की चिमटतो, आणि तुमच्या घोडीचे कोपरे आधीच सोललेले आहेत.

एक सावधगिरी. फ्रेंच लिंक आणि डॉक्टर ब्रिस्टल ही दोन बिटं फोटोत जुळी दिसतात. दोन्हीत मधे चपटी पट्टी, पण फ्रेंच लिंकची जिभेवर आडवी पडते आणि ब्रिस्टलची तिरकी बसून कडेने दाबते. दुकानदारालाही बऱ्याचदा फरक माहीत नसतो. म्हणून पट्टीपेक्षा गोल मण्याचंच मागा, गोंधळच नको. आणि पिळाची तार असलेलं बारीक बिट दाखवून 'हे पण स्नॅफलच' म्हणतील, तेही नको.

जाडीबद्दल एक गैरसमज फार पसरलाय की जितकं जाड तितकं मऊ. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत हिलरी क्लेटन यांनी घोड्याच्या तोंडात बिट असताना क्ष-किरणांखाली ते कसं हलतं हे बघितलं होतं, त्यात दिसतं की बंद तोंडात बिटाला जागा फारच थोडी असते, जीभच सगळं तोंड भरून टाकते. काठेवाडी, मारवाडीचं तोंड निमुळतं, त्यात जाडजूड रबर कोंबलं तर तोंड मिटताच येत नाही आणि मग लोक म्हणतात बघा मऊ बिट घातलं तरी तोंड उघडतंय. ड्रेसाज या घोडेस्वारीच्या स्पर्धाप्रकाराच्या आंतरराष्ट्रीय नियमात स्नॅफलची कमीत कमी जाडी १४ मिलिमीटर आहे, तुम्ही १४ ते १६ च्या मधलं घ्या.

बाजार_जुना

सगळं वाचलं. मी लहानपणापासून घोड्यात आहे, माझे वडील यात्रेत घोडी न्यायचे. काटा मलाही आवडत नाही पण एक विचारतो, रस्त्यावर मागून उसाचा ट्रॉलीवाला टेपरेकॉर्डर लावून आला आणि घोडी उधळली तर साध्या सळईवर पोरगी काय करणार? क्लबच्या कुंपणाच्या आत सगळं चालतं. आपल्याकडे घोडं डांबरी रस्त्यावर निघतं. निदान साखळीवालं तरी ठेवा, ओढायची गरज पडली तरच ओढायचं, हात हलका ठेवायचा.

जनावरांचा_डॉक्टर

दादा, तुमची काळजी खरी आहे, उधळलेल्या घोड्यावर मूल असणं हा भयंकर प्रकार आहे. पण घाबरलेल्या घोड्याला तोंडात अचानक कळ बसली की ते उभं तरी राहतं दोन पायांवर नाहीतर अजून सुसाट जातं. उधळलेलं घोडं ताकदीने कुणीच थांबवू शकत नाही, शेकडो किलोचं जनावर आहे. ते थांबतं शिकवलेलं असेल तर.

मूळ प्रश्नाकडे येतो. बिट विकत घ्यायच्या आधी तोंड तपासून घ्या, नुसतं ओठ उचलून नाही, तोंड उघडं ठेवायचा साचा लावून, गरज पडली तर हलकी गुंगी देऊन दाढांपर्यंत. साताऱ्याकडचे असाल तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथे चौकशी करा. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो त्यामुळे चावून चावून वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड धारदार होत जाते, वरची गालाला कापते, खालची जिभेला. ते कानशीने घासून काढावं लागतं. बाहेरून नोजबँड (नाकावरचा पट्टा) करकचून आवळला की गाल त्या धारेवरच दाबला जातो, मग तोंडात सोन्याचं बिट घाला, घोडी मान टाकणारच.

दुसरं म्हणजे वुल्फ टूथ, वरच्या पहिल्या दाढेच्या पुढे शेंगदाण्याएवढा बारका दात, सगळ्या घोड्यांना नसतो, पण असला तर बिट तिथेच लागतं. तुमची घोडी सहाची म्हणजे पक्के दात सगळे आलेले असणार, त्यामुळे एकदा नीट काम केलं की वर्षाला एक तपासणी पुरते.

तिसरं, आणि हे आजच करा. काट्याने जखम झालीये आणि काटे गंजलेले असणार. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, बहुतेक पाळीव जनावरांपेक्षा जास्त. यात्रेतून आणलेल्या घोडीचं लसीकरण झालंय असं धरून चालू नका, डॉक्टरांना बोलावून टिटॅनसचं बघून घ्या. कोपरे आणि जीभ पूर्ण भरेपर्यंत तोंडात काहीही घालायचं नाही.

लांबपल्ला

मी एंड्युरन्स (लांब पल्ल्याची घोडेस्वारी) करते, माझा मारवाडी बिटलेसवर, म्हणजे तोंडात बिट नसलेल्या लगामावर जातो, कारण त्याच्या जिभेवर जुना आडवा चिरा आहे, कुठलंही बिट त्यावरच बसतं. त्यामुळे तुमच्या घोडीला बिटलेस हा पर्याय आहेच आणि जखमा भरेपर्यंत तर तोच एक पर्याय आहे. फक्त बिटलेस या एका नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी विकतात. साइडपुल म्हणजे नाकावर पट्टा आणि दोन्ही बाजूंना कड्या, अगदी मोरकीसारखंच, वळवायला स्पष्ट आणि मुलीला सगळ्यात सोपं. दुसरं पट्टे हनुवटीखालून एकमेकांना ओलांडून जातात ते, अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचे पशुवैद्य रॉबर्ट कुक यांनी प्रसिद्ध केलेलं, त्यात दाब सगळ्या डोक्यावर वाटला जातो, पण काही घोड्यांत हात सोडल्यावर पट्टा लवकर ढिला होत नाही, ते बघून घ्यावं लागतं. तिसरं मेकॅनिकल हॅकमोर, लोखंडी दांड्या आणि हनुवटीला साखळी. बिट नाही म्हणून लोक याला मऊ समजतात आणि पोरांच्या हातात देतात, तर ती पूर्ण तरफ आहे, नाकाचं हाड खाली खाली बारीक होत जातं आणि पट्टा खाली सरकला तर श्वास दाबतो. ते घेऊ नका.

नाकावरचा पट्टा कुठलाही असो, गालाच्या हाडाच्या टोकापासून दोन बोटं खाली, आणि नाकाच्या हाडावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला पाहिजेत. बाजूने बोटं घालून बघू नका, तिथे गाल मऊ असतो, नेहमी ढिलाच लागतो. २०२५ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये तर यासाठी मापाचं साधनच ठरवून दिलंय, इतकी लोकांची आवळायची सवय वाढली होती.

आणि जेरबंद बांधला असेल तर तोही सोडा. मान वर टाकणारं घोडं दिसलं की आपल्याकडे पहिलं काम म्हणजे जेरबंदाने डोकं खाली बांधणे, ती बिचारी तोंड वाचवायला मान वर घेतेय आणि आपण तोही रस्ता बंद करतो.

सातारी_रपेट

खूप खूप आभार सगळ्यांचे. डॉक्टर येऊन गेले, टिटॅनसचं इंजेक्शन झालं, दाढांना धार आहे म्हणाले, पुढच्या आठवड्यात कानशी लावायचं ठरलंय. जिभेच्या कडेला पण जखम निघाली. तोपर्यंत मोरकीवर हातात धरून फिरवतोय आणि खरं सांगतो, मोरकीवर ती मान खाली सोडून इतकी निवांत चालते की हीच घोडी का असं वाटतं.

दोन शंका. सुतळीने तोंडाचं माप घेतलं, एका ओठाच्या कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत १२ सेंटिमीटर भरलं, मग बिट किती घ्यायचं? आणि रेडीमेड ब्रायडल (डोक्यावरचा लगामाचा साज) लावून बघितलं तर कानापाशी झटकते, डोकं हलवते, तोंडात काही नसताना. ते काय असेल?

पागा_पुणे

१२ भरलं तर साडेबारा घ्या, म्हणजे कड्यांच्या आतल्या बाजूने १२५ मिलिमीटर, दुकानात पाच इंची म्हणून मिळेल. दोन्ही बाजूंनी कड्या ओठांना जेमतेम टेकाव्यात, दाबू नयेत. फार मोठं घेतलं तर इकडून तिकडे सरकत राहतं आणि सांधा मधे राहत नाही. उंची ठरवताना कोपऱ्यात एखादी सुरकुती असं पुस्तकात असतं पण तुमच्या घोडीच्या कोपऱ्यांना वण आहेत, तिथली कातडी ताठ झालेली असणार, सुरकुतीवर जाऊ नका, दातांना लागत नाही आणि जीभ वर काढत नाही अशी जागा बघून भोक ठरवा. स्टेनलेस स्टीलचंच घ्या, स्वस्तातल्या चकचकीत मुलाम्याचे पापुद्रे निघतात आणि ते पापुद्रेच ओठ कापतात. घेताना डोळे मिटून सांध्यांवरून बोट फिरवा, बोटाला काही लागलं तर ते परत द्या. आपल्याकडचं बरंचसं सामान कानपूरचं असतं, तिथून परदेशात उत्तम माल जातो, पण त्याच गावातून कच्चा मालही येतो, त्यामुळे नावावर न जाता हातात घेऊन बघा.

कानाचं म्हणाल तर काठेवाडी आणि मारवाडीत हे हमखास होतं. कान आत वळलेले, टोकं एकमेकांना भिडणारी, आणि रेडीमेड ब्रायडल बनतं परदेशी घोड्यांच्या मापाने. कपाळपट्टी आखूड पडली की ती मागचा पट्टा पुढे ओढते आणि तो कानाच्या मुळाशी रुततो. कपाळपट्टी एक माप मोठी घ्या किंवा गावातल्या चांभाराकडून बनवून घ्या, कानामागचा पट्टा रुंद आणि आतून मऊ, कानाच्या जागी कापून मागे घेतलेला. ब्रायडल चढवताना पण कान मुडपून आत ढकलू नका, गळपट्टा आणि गालपट्टे ढिले करून वरून बसवा.

जखमा भरल्या आणि कानशी झाली की बिट मोरकीच्या खाली नुसतं अडकवा, लगामाची दोरी न जोडता, आणि पेंढा खाऊ द्या. चघळायला लागली, जीभ खाली ठेवली, की दोरी बांधून जमिनीवरून थांबणं शिकवा, आधी 'हो' असा आवाज, मग तुमचं शरीर थांबणं, मग शेवटी हात, आणि ती थांबली त्या क्षणी हात सोडायचा. बाजार_जुना दादांनी ट्रॉलीचं जे सांगितलं त्यावरचा उपाय इथेच आहे. एका बाजूचा लगाम हळू आत घेऊन मान वळवायची आणि मागचे पाय बाजूला टाकायला लावून थांबवायचं, हे आधी तुम्ही खाली उभं राहून, मग बसून, दोन्ही बाजूंनी इतकं करून घ्या की ती झोपेतही करेल. मुलीला तोपर्यंत लाँजवर, म्हणजे घोडी लांब दोरीवर गोल फिरवत बसवा, दोरी तुमच्या हातात, तिच्या हातात लगाम नाहीच, मानेवर एक पट्टा बांधून तो धरू दे. तोल गेला की पोरं लगामाला लटकतात आणि मऊ बिटसुद्धा तेव्हा कठीण होतं.

बाजार_जुना

मान वळवून थांबवायचं वडीलही करायचे, ते मोरकीवरच घोडी फिरवायचे, धनगरांची तट्टं तर अजून दोरीवरच चालतात की. हे पटलं. सातारी, रस्त्यावर न्यायच्या आधी शेतात एक ट्रॅक्टर चालू करून उभा ठेवा, लांबून सुरुवात करा, मधे चारा टाका, रोज थोडं जवळ आणा. आमच्याकडे नवीन घोडं असंच तयार करतात, त्याला लगाम कुठलाही लागत नाही.

सातारी_रपेट

ट्रॅक्टर भावाचा आहे, उद्यापासूनच सुरू करतो. एगबट, मधे गोल मणी, १२५ चं, १४ ते १६ जाडी असं लिहून घेतलंय, आणि कपाळपट्टीचं माप घेऊन चांभाराकडे देऊन आलो. दाढांचं काम झालं की तोंडाचे फोटो इथेच टाकतो, बिट बसवल्यावर बाजूने पण टाकेन, तेव्हा बघून सांगा एखादं भोक वर हवंय का खाली.