अनुभव धागा: स्टीव्ह इरविन, आणि तो पाकट

४ सप्टेंबर २००६ ला स्टीव्ह इरविन, टीव्हीवर मगरी हाताळणारा ऑस्ट्रेलियन, पाकटाचा काटा छातीत घुसून गेला. पाकट म्हणजे शेपटीवर विषारी काटा असलेला चपटा मासा. वय ४४. हळहळ सगळ्यांनाच आहे, ती इथे मोजायची नाही. कुणी पाण्यात उतरतं, कुणी जखमा बांधतं, कुणी प्राणी हाताळतं. या मृत्यूतलं तुमच्या कामाला जे दिसतं, ते लिहा.

पाण्याखाली चित्रीकरण करणारे
जागा बॅट रीफ, क्वीन्सलँडच्या पोर्ट डग्लसजवळ. पाणी जेमतेम छातीएवढं. समोर कॅमेरा, मागून स्टीव्ह. मासा निघून जाताना टिपायचा बेत होता. उथळ पाण्यात पाकटाला वर जागा नसते. पुढून एक, मागून एक आला की तो कोंडला जातो. तेव्हा तो पळायच्या ऐवजी पुढच्या कडेवर उभारतो आणि शेपटी पाठीवरून वर फेकतो. काटा शेपटीच्या टोकाला नसतो, बराच अलीकडे असतो. म्हणून त्याच्यावर तरंगायचं नाही. बाजूने, दिसेल असं जायचं आणि खोल पाण्याकडची वाट मोकळी ठेवायची.

अपघात विभागातली परिचारिका
बहुतेक जखमा पावलाला किंवा घोट्याला होतात. त्यांवर उतारा गरम पाण्याचा, कारण हे विष उष्णतेने निकामी होतं. पाणी ४५ अंशांच्या वर नको. ३० ते ९० मिनिटं पाय बुडवून ठेवायचा, निवलं की गरम ओतत राहायचं. ओतताना पाय बाहेर काढून. नेमकी चूक इथेच होते: कळ इतकी असते की दुखऱ्या पायाला चटका कळत नाही आणि वर भाजल्याची जखम होते. पाणी आधी चांगल्या पायाने बघा. चिरणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं, काही नको. काट्याच्या दोन्ही कडांना मागे वळलेले दात असतात, त्यामुळे तुकडे आत राहतात. एक्स-रे काढा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. चार दिवसांनी पाय सुजून येणारे बरेचदा हेच टाळलेले असतात.

छाती, पोट, मान असेल तर हे सगळं बाजूला. काटा रुतलेला असेल तर उपसायचा नाही. तोच रक्त अडवून धरत असतो, आणि निघताना ते दात आतलं फाडत येतात. दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावून तो हलू द्यायचा नाही, आणि ऑस्ट्रेलियात असाल तर ००० या तातडीच्या नंबरला फोन. स्टीव्हने काटा स्वतः उपसला असं आधी छापून आलं होतं; सोबतच्या कॅमेरामनने २०१४ मध्ये ते नाकारलं. घाव हृदयालाच होता, तिथे प्रथमोपचाराच्या हातात फार काही उरत नाही.

मगरी हाताळणारे
मगरीचा जबडा मिटायला प्रचंड ताकद, उघडायला अगदी कमी. म्हणून आधी वरच्या जबड्याला फास, मग डोळ्यांवर ओलं फडकं, मग तोंडाला पट्टी. धोका कुठल्या टोकाला, हे ठरलेलं. पाकटाचं उलट, धोका शेपटीकडे आणि बघणारा तोंडाकडे बघत राहतो.

प्राणिसंग्रहालयात काम करणारे
सरकारी इतमामाचा प्रस्ताव घरच्यांनी नाकारला. बीरवाच्या ऑस्ट्रेलिया झूच्या, म्हणजे त्याच्याच प्राणिसंग्रहालयाच्या दारात फुलं आणि सह्या केलेले खाकी शर्ट यांची रास लागली. २० सप्टेंबरला तिथल्या क्रोकोसियम या प्रेक्षागारात त्याची ८ वर्षांची मुलगी बिंडी बोलली. शेवटी त्याची गाडी सामानासकट मैदानातून बाहेर नेली आणि कर्मचाऱ्यांनी पिवळ्या फुलांनी त्याचा लाडका उद्गार लिहिला: ‘क्रायकी’.

गळाने मासेमारी करणारे
त्याच महिन्यात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यांवर किमान १० पाकट मेलेले सापडले, काहींच्या शेपट्या छाटलेल्या. सूड म्हणे! काटा झडला तर नवा येतो, शेपटी येत नाही. गळाला लागला तर पाण्यातच ठेवा, शेपटीला धरून उचलू नका, लांब पकडीने गळ काढा. निघत नसेल तर दोर गळाशी कापा. आणि वाळूत चालताना पाऊल उचलून टाकू नका, घासत न्या. हादरा कळला की तो आपणहून उठून जातो.