अनुभव धागा : क्रिकेट ०७ अजून कोण कोण खेळतं?

लेगबाय
माळ्यावरची खोकी उतरवताना जुनी डिस्क हाती लागली आणि म्हटलं धागा काढावाच. गेम नोव्हेंबर २००६ चा. बनवला कॅनडाच्या एचबी स्टुडिओजने, विकला ईएने (इलेक्ट्रॉनिक आर्ट्स), आणि त्यानंतर ईएने पीसीवर क्रिकेट सोडूनच दिलं. मधल्या काळात बिग अँट कंपनीचे डॉन ब्रॅडमन १४, क्रिकेट १९, २२, २४ येऊन गेले. तरी लोक फिरून इथेच येतात. का?

माझं मत थोडक्यात. एक, मेनूतून पहिल्या चेंडूपर्यंत मिनिटभरात पोचतो. दोन, चेंडूमागे ठरवायचं फक्त तीनच गोष्टींचं : पाय कुठे, फटका कुठे, बटण कधी. तीन, पाच-पाच षटकांची मॅच पंधरा-वीस मिनिटांत आटपते. आणि चौथं म्हणजे फाइली उघडून बदलता येतात, त्यामुळे संघ कधी जुना होत नाही.

कसा चालवता, काय बदललंत, कुठे अडतं, ते लिहा. "आमच्या वेळी सायबर कॅफेत" वगैरे आठवणींसाठी वेगळा धागा काढा, तिथे मीही रडायला येईन.

विंडोज_पीडित
विंडोज ११. डिस्क टाकली, इन्स्टॉल झाला, आयकॉनवर डबल क्लिक, आणि ढिम्म. एररसुद्धा नाही.

कुंपणापलीकडे
तीन शक्यता आहेत, याच क्रमाने तपासा.

१) त्या काळातल्या बऱ्याच डिस्कांवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. ते विंडोजच्या एका ड्रायव्हरवर चालायचं आणि तो ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टने विंडोज १० पासून काढूनच टाकला, कारण त्यात सुरक्षेचं भोक होतं. तो शोधून परत बसवायच्या फंदात पडू नका. जुना विंडोज एक्सपीचा डबा घरात असेल तर त्यावर चालवा, नेट काढून.

२) डी३डीएक्स९ने सुरू होणारी डीएलएल (गेमला लागणारी विंडोजची मदतनीस फाइल) सापडत नाही असं म्हणत असेल तर डायरेक्टएक्स एंड-यूजर रनटाइम्स, जून २०१० वालं पॅकेज मायक्रोसॉफ्टकडूनच घ्या. "माझ्याकडे तर डायरेक्टएक्स १२ आहे" हा युक्तिवाद चालत नाही, त्या जुन्या फाइली त्यात येत नाहीत. एकटी डीएलएल कुठल्या तरी साइटवरून उचलून टाकणाऱ्यांना साष्टांग नमस्कार.

३) प्रोग्राम फाइल्समध्ये इन्स्टॉल करू नका. सी ड्राइव्हवर 'गेम्स' असं साधं फोल्डर करा. प्रोग्राम फाइल्समध्ये लिहायला विंडोज परवानगी देत नाही, आणि बदललेल्या फाइली गुपचूप दुसरीकडे ठेवतं. मग माणूस पॅच (गेम बदलणाऱ्या फाइली) टाकतो आणि खेळाडूंचे कपडे जुनेच दिसतात.

विंडोज_पीडित
तिसरं केलं. सुरू झाला! पण सेव्ह होत नाहीये.

कुंपणापलीकडे
सेव्ह आणि रोस्टर (संघ-खेळाडूंची यादी) दोन्ही डॉक्युमेंट्समध्ये ईए स्पोर्ट्स क्रिकेट ०७ नावाच्या फोल्डरात जातात. वनड्राइव्हने डॉक्युमेंट्स ढगात नेलं असेल तर आधी ते बंद करा. नसेल तर विंडोज सिक्युरिटीत 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' बघा. ते चालू असेल तर अनोळखी एक्झीला (प्रोग्राम सुरू करणारी फाइल) डॉक्युमेंट्समध्ये लिहूच देत नाही. गेमची एक्झी परवानगीच्या यादीत घाला.

विंडोज_पीडित
वनड्राइव्हच होतं. तुमच्या तोंडात साखर पडो.

नवशिका_नाना
कोणी लिंक देईल का डायरेक्ट डाउनलोडची? फोनवर चालतो का?

लेगबाय
नाना, लिंका इथे नकोत. एका क्लिकवर फुल गेम देणाऱ्या पानांवर गेमपेक्षा व्हायरस जास्त मिळतात. जुनी डिस्क कोणाकडे पडली असेल तर मागून घ्या. फोनवर हा गेम आलेलाच नाही, त्या नावाने जे फिरतं ते दुसरंच काही तरी असतं.

उलटा_स्वीप
गेमपॅडवाल्यांसाठी. या गेमची खरी मजा 'सेंच्युरी स्टिक'मध्ये आहे : डाव्या स्टिकने पाय, उजव्या स्टिकने फटका. कीबोर्डवर आठच दिशा मिळतात, आणि कव्हर आणि एक्स्ट्रा कव्हरच्या मधली फट तिथे हुकते.

एक्सबॉक्स पद्धतीचा पॅड लावला की मात्र गोंधळ होतो. हा गेम डायरेक्टइनपुट या पॅड ओळखायच्या जुन्या पद्धतीच्या काळातला, आणि त्या पद्धतीत एक्सबॉक्सच्या पॅडचे दोन्ही ट्रिगर मिळून एकच अक्ष दिसतो, उजवी स्टिक भलत्याच अक्षांवर जाते. म्हणून उजवी स्टिक वर केली तर फलंदाज भलतंच काही करतो. लॉजिटेक एफ३१० पॅडच्या पाठीला एक्स आणि डी असा स्विच आहे, तो डी वर करा. मग गेमच्या सेटिंगमध्ये एकेक बटण पुन्हा बसवा. साधा लोकल यूएसबी पॅडही चालतो, त्याची डेड झोन (स्टिकची मधली जागा, जिथली हालचाल मोजत नाहीत) मात्र विंडोजच्या कॅलिब्रेशनमध्ये तपासा, नाहीतर फलंदाज उभ्या उभ्या ऑफला सरकत राहतो.

चेंडूफळी_ताई
कीबोर्डवाल्यांवर अन्याय नको हो उलटाभाऊ. दोन गोष्टी सांभाळल्या की कीबोर्ड पुरतो.

स्वस्त कीबोर्डवर काही ठरावीक तीन बटणं एकदम दाबली की तिसरं पोचतच नाही. दोन बाण म्हणजे तिरकी दिशा, त्यात फटका, त्यात उंच मारायचं बटण, झाले चार. "मी तर उंच मारला होता, हा जमिनीवरून का गेला?" याचं उत्तर ९० टक्के वेळा हेच. नोटपॅड उघडून तेवढी बटणं एकत्र दाबून बघा. जे गळेल ते दुसऱ्या ओळीतल्या अक्षरावर बसवा. आणि एखादं बटण शिफ्टवर ठेवलं असेल तर स्टिकी कीजचा शॉर्टकट बंद करा. पाचदा शिफ्ट दाबला की नेमकी शेवटच्या षटकात ती खिडकी उगवते.

फलंदाजीबद्दल : नव्या फलंदाजाचा आत्मविश्वासाचा पट्टा रिकामा असतो. त्यात उंच फटका म्हणजे कडा आणि झेल. पहिले सहा-आठ चेंडू जमिनीवरून, एकेरी घ्या. बहुतेक जण बटण उशिरा नाही, लवकर दाबतात. फास्टरला हात सोडताना दाबायचं नसतं, टप्पा पडत असताना दाबायचं. स्पिनरला त्याहूनही थांबा.

कुकर झाला, बाकी नंतर.

खडूस_मुंबईकर
सगळं बरोबर, पण कॉम्प्युटरला हरवणं सोपं आहे हे कबूल करा. एकदा हात बसला की पाच षटकांत शंभर होतात आणि मग कंटाळा. म्हणून घरचे नियम लावावे लागतात. माझे असे :
षटकात उंच फटके दोनच. लागोपाठ दोन चेंडूंना तोच फटका नाही. पुढे सरसावून मारणं फक्त स्पिनरला. यॉर्कर षटकात एकच. आणि गोलंदाजीत क्षेत्ररक्षण पहिल्या दहा षटकांत बदलायचं नाही.
हिरव्या खेळपट्टीवर पन्नास षटकं अशी खेळून बघा, १९० सुद्धा भरपूर वाटतात.

शॉर्टलेग
+१. गोलंदाजीत लोक वेगाचा पट्टा दर वेळी शेवटपर्यंत नेतात, तिथेच चुकतं. एक तर नो-बॉलचा धोका, आणि कॉम्प्युटर एकाच वेगाला बरोबर सरावतो. चौथ्या यष्टीवर (म्हणजे ऑफ स्टंपच्या जरा बाहेर), गुड लेंग्थच्या जरा पुढे, तीन चेंडू बाहेर जाणारे, वेग थोडा वरखाली. चौथा तिथूनच आत. स्लिप दोन ठेवाच, नाहीतर कडा लागून चौकार जातात आणि शिव्या गेमला बसतात.

गॅलरीतून
माझ्या मॉनिटरवर सगळे खेळाडू रणतुंगा दिसतात. उपाय?

कुंपणापलीकडे
हाहा. गेमचं चित्र ४:३ च्या मापाचं आहे, तुमचा मॉनिटर १६:९. ताणलं की माणूस एक तृतीयांश रुंद होतो. ग्राफिक्सच्या कंट्रोल पॅनलमध्ये स्केलिंग 'आस्पेक्ट रेशो' करा. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर चित्र १४४० रुंदीचं येईल, दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या. पट्ट्या खुपत असतील तर रणतुंगा चालवून घ्या.

आवाज_वाढवा
समालोचन बंद करून खेळणाऱ्यांचा निषेध. रिची बेनॉ आणि मार्क निकोलस. बेनॉ गेले एप्रिल २०१५ मध्ये. इंग्लंडच्या टीव्हीवर त्यांचं शेवटचं समालोचन म्हणजे २००५ च्या ऍशेसची ओव्हलची कसोटी, आणि हा गेमही ऍशेसभोवतीच बांधलेला. वाक्यं तीच तीच येतात मान्य, पण बेनॉ कमी बोलायचे त्यामुळे कान किटत नाहीत. नव्या गेमांत समालोचक दर चेंडूला निबंध वाचतात.

लेगबाय
त्या २००५ च्या ऍशेसचे प्रसंग खेळायची सोय आहे ती कोणी वापरतं का?

शॉर्टलेग
वापरतो. त्याशिवाय त्यातलीच एजबॅस्टनची कसोटी स्वतः मांडून खेळायची मजा वेगळीच. खरी मॅच अशी : ऑस्ट्रेलियाला २८२ हव्या, २२० वर नववा गडी, वॉर्न ४२ वर हिट विकेट. मग ली आणि कॅस्प्रोविचने ५९ जोडल्या आणि २ धावांनी हरले. वनडेत दुसऱ्या डावात मुद्दाम नऊ गडी घालवायचे आणि ६२ शिल्लक ठेवायच्या. शेपटाच्या फलंदाजाचं टायमिंग इतकं अरुंद ठेवलंय की ब्लॉकसुद्धा चुकतो. सेट फलंदाजाने चौथ्या-पाचव्या चेंडूवर एक घेऊन स्ट्राइक राखायचा. दुसरी धाव मोहाने घेतली की संपलं. धाव रद्द करायचं बटण बोटाखालीच हवं.

पॅचवाली_पमी
आता माझा विषय. भारतीय संघाचा परवाना नव्हता म्हणून मूळ गेममध्ये आपल्या खेळाडूंची नावं मोडकीतोडकी आहेत. ती रोस्टर फाइलीत बदलतात. त्याचमुळे आज यात ऋतुराज, यशस्वी, सूर्या सगळे खेळतात. प्लॅनेट क्रिकेट या फोरमवर लोकांनी वर्षानुवर्षं हे काम फुकट केलंय.

क्रम पाळा. आधी कोरा गेम एकदा चालवून बंद करा, म्हणजे डॉक्युमेंट्समधलं फोल्डर तयार होतं. त्या अख्ख्या गेमची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर. मग रोस्टर, मग कपडे, मग मैदान, शेवटी स्कोअरपट्टी. प्रत्येक टप्प्यानंतर दोन षटकं खेळून बघा. सगळं एकदम टाकलं आणि गेम टॉसनंतर बंद पडला तर दोषी कोण ते ब्रह्मदेवही सांगणार नाही.

बंद पडण्याचं नेहमीचं कारण : चित्राचं माप. मूळ फाइलीत २५६ बाय २५६ असेल आणि तुम्ही ७०० बाय ७०० चा जर्सीचा फोटो कोंबला तर बसणार नाही. २५६, ५१२, १०२४, अशीच मापं. आणि चालू स्पर्धेच्या मध्यात रोस्टर बदलू नका, आधी स्पर्धा संपवा.

वऱ्हाडी_बाउन्सर
पमीताई, रणजी संघ टाकता येतीन काय?

पॅचवाली_पमी
येतात की. इंग्लंडच्या कौंट्या आणि ऑस्ट्रेलियाची राज्यं गेममध्ये आहेतच. त्यांची नावं आणि कपडे बदलायचे. ऑस्ट्रेलियाच्या सहा संघांत मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ, बडोदा, कर्नाटक, सौराष्ट्र छान बसतात, आणि सामने चार दिवसांचेच मिळतात.

वऱ्हाडी_बाउन्सर
विदर्भ पहिला ठेवा. रणजी जिंकली २०१८, २०१९ आन् २०२५ ले. मुंबईकर वाचून राह्यले ना?

खडूस_मुंबईकर
वाचतोय. ४२ वेळा. २०२४ ची फायनल वानखेडेवर कोणाविरुद्ध जिंकलो ते आठवतं का राजे?

सदाशिव_गुगली
महाराष्ट्राचंही कोणीतरी बोला. १९४० आणि ४१, लागोपाठ दोनदा. आणि भाऊसाहेब निंबाळकर, पुण्यात काठियावाडविरुद्ध डिसेंबर १९४८, नाबाद ४४३. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ कमी असताना समोरच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला.

खडूस_मुंबईकर
हे मात्र गेममध्ये करता येतं. चार दिवसांची मॅच, एकच फलंदाज, ४५३ होईपर्यंत. काठियावाड मैदान सोडून जाऊ शकत नाही, तेवढी सोय ईएने केलेली आहे.

आयटीतला_अज्ञानी
लोकहो, राग मानू नका. क्रिकेट २४ मध्ये चेंडू बॅटला खरा लागतो, फटक्यांची संख्या कितीतरी पट आहे, ऑनलाइन आहे. इथे एका टप्प्याला ठरलेलं ॲनिमेशन उमटतं. हे सगळं जुन्या प्रेमापोटी चाललंय.

उलटा_स्वीप
ॲनिमेशन ठरलेलं आहे हे खरं, आणि माझ्या मते तोच फायदा आहे. बटण बरोबर वेळी दाबलं की काय होणार हे माहीत असतं, त्यामुळे बाद झालो तर का ते कळतं. शिवाय नव्या गेमला बरं ग्राफिक्स कार्ड आणि भरपूर मोकळी जागा लागते. हा दोन जीबीच्या आत बसतो आणि ऑफिसच्या टाकाऊ लॅपटॉपवर पंख्याचा आवाजही न करता चालतो. फटक्यांचं वैविध्य हवं असेल तर स्ट्रोक व्हेरिएशनच्या (फटके बदलणाऱ्या) फाइली मिळतात, तेवढी एक बदलली तरी फरक जाणवतो.

चेंडूफळी_ताई
आले परत. दोघांनी एका मशीनवर खेळताना लक्षात ठेवा, टप्प्याची खूण फलंदाजालाही दिसते. म्हणून गोलंदाजाने खूण आधी शॉर्टवर ठेवायची आणि हात सोडायच्या जरासं आधी पुढे ओढायची. समोरचा मागच्या पायावर गेलेला असतो. भांडणं होतात, त्यामुळे षटकात एकदाच असा नियम करा.

गॅलरीतून
पट्ट्या आल्या, सगळे सडपातळ झाले. आता डिस्क अडखळतेय, ओरखडे आहेत. टूथपेस्ट लावू का?

कुंपणापलीकडे
आधी नुसतं पुसा. मऊ सुती कापड, थोडं साधं पाणी, मधून बाहेर सरळ रेषेत. गोल गोल नाही. गोल ओरखडा एकाच ट्रॅकवर लांबवर पसरतो आणि ड्राइव्हला तो भरून काढता येत नाही, आडवा छोटा ओरखडा निभतो. आणि नावाच्या बाजूने पेनाने काही लिहू नका. सीडीचा मजकूर त्या बाजूच्या अगदी खाली असतो, खालचा प्लास्टिकचा थर जाड असतो.

नवशिका_नाना
शेजाऱ्यांकडे डिस्क मिळाली!! पण लॅपटॉपला सीडी घालायची फटच नाही.

लेगबाय
यूएसबीवाला बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्या नाना. हबमधून नको, थेट लॅपटॉपला लावा, नाहीतर वीज कमी पडून मध्येच बंद होतो. आणि वर कुंपणापलीकडेंनी दिलेला तिसरा मुद्दा आधी वाचा.

नवशिका_नाना
कुठला तिसरा?