स्वस्त शाईपेन गळतोच असं नाही

दोनशे रुपयांच्या आतला शाईपेन गळणारच, असं काहीजण म्हणतात. पटत नाही. गळण्याचा संबंध किमतीशी कमी, हवेशी जास्त. ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायचे जे पेन असतात, त्यांत शाई कमी झाली की उरलेल्या जागेत हवा येते. हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला निबेकडे ढकलते. आमच्या जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, तेव्हा तर वहीवर ठिपका ठरलेलाच. म्हणून शाई अर्ध्यावर आली की पुन्हा भरायची, अन् खिशात पेन निब वर करूनच ठेवायचा. आट्यांतून पाझरत असेल तर त्यांवर बोटाच्या टोकाएवढं सिलिकॉन ग्रीस पुरे.

घेताना नाव बघण्यापेक्षा निब उजेडाकडे धरून बघा. दोन्ही पाती एका पातळीत हवीत, मधली चीर टोकाकडे निमुळती. मग शाईत बुडवून इंग्रजी आठ काढा, उभा अन् आडवा. कुठल्या दिशेला खरखरतंय ते लगेच कळतं. सही करून बघू नका, ती सवयीने कुठल्याही पेनाने झोकदारच येते. जळगावच्या फुले मार्केटात गर्दीच्या वेळी दुकानदार एवढं करू देत नाही, दुपारी जा.