प्राग : पहिला दिवस पायीच काढावा का? (प्रवासाच्या गटावरची चर्चा; नदीकाठ, सातारकर, शिलालेख ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं)

नदीकाठ
मागच्या महिन्यात आम्ही दोघं प्रागला पाच दिवस होतो. पहिल्याच दिवसाची किल्ल्याची तिकिटं काढून ठेवू, असं नवरा म्हणत होता. मी अडून बसले : आज ना तिकीट, ना ट्राम. हॉटेलवर बॅगा टाकल्या आणि पावडर टॉवर या जुन्या वेशीच्या कमानीखालून चालायला लागलो. गल्ली संपली आणि जुन्या शहराचा चौक एकदम अंगावरच आला. पुढे घड्याळ. १४१० सालचं यंत्र. तास भरला की सांगाड्याची मूर्ती घंटा ओढते, खिडक्यांतून येशूच्या बारा प्रेषितांच्या, म्हणजे शिष्यांच्या, मूर्ती जातात, शेवटी कोंबडा आरवतो.

पण मनात राहिला तो चार्ल्स पूल. संत जॉन नेपोमुकच्या पुतळ्याखालच्या धातूच्या चौकटी काळपट पडल्यात, पण लोक जिथे हात लावतात तेवढाच भाग सोन्यासारखा लखलखतो. नवऱ्याने हात टेकवला आणि बराच वेळ काढलाच नाही. तिकिटाची वेळ गाठायची असती तर आम्ही तिथे थांबलो असतो का? माझं ठाम मत आहे, पहिला दिवस पायीच.

सातारकर
नाही पटलं. आम्हीही असंच केलं होतं. रात्रभराचं विमान, मध्ये चार तास दुसऱ्या विमानतळावर बसून, आणि उतरल्या उतरल्या चालणं. तिथल्या फुटपाथवर बोटभर चौकोनी दगड बसवलेत, दिसायला सुंदर, पण गुडघ्यांना विचारा. बायकोचे पाय संध्याकाळी इतके सुजले की दुसरा अख्खा दिवस खोलीत गेला. पाचातला एक दिवस! बावीस नंबरची ट्राम किल्ल्याच्या वरच्या अंगाला, पोहोर्झेलेत्सच्या थांब्यावर सोडते. तिथून किल्ला बघत, नेरुदोवा रस्त्याने पुलापर्यंत सगळा उतार आहे. चढ ट्रामला द्या, उतार स्वतःकडे ठेवा.

शिलालेख
माझा आक्षेप वेगळा आहे. नदीकाठ, तुम्ही पाहिलंत त्या घड्याळाच्या बाजूला, जुन्या टाऊन हॉलसमोर फरशीत पांढऱ्या दगडाचे २७ क्रूस आहेत. ते दिसले का? १६२० साली प्रागजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक भागाचे, हॅब्सबर्ग सम्राटाविरुद्ध उठलेले बंडखोर हरले. पुढच्या वर्षी २१ जूनला त्यांच्या २७ पुढाऱ्यांना त्याच जागी मारलं. बाराजणांची मुंडकी पुलाच्या बुरुजावर टांगली होती, आणि त्याच बुरुजाखालून तुम्ही पुलावर गेलात. माहीत नसेल तर माणूस त्या क्रूसांवर उभा राहून घड्याळाचा फोटो काढतो. पहिल्या दिवशी दोन तास चांगला गाइड घ्यावा, मग हवं तेवढं भटकावं.

नदीकाठ
क्रूस दिसले नाहीत. वाचून वाईट वाटलं, खरंच. तरी गाइड नको. नेरुदोवावर दारांवर कोरलेली चित्रं आहेत : तीन व्हायोलिनं, दोन सूर्य. १७७० च्या सुमारास घरांना नंबर आले, त्याआधी पत्ता सांगायचा तो अशा खुणांनीच. हे मला रात्री वाचून कळलं. पण दिवसभर आम्ही दोघं अंदाज बांधत होतो, की इथे वादक राहत असतील, की दुकान असेल. कुणी आधीच सांगितलं असतं तर ते बोलणं झालंच नसतं.

सातारकर, गुडघ्यांचं मान्य. आम्ही तो रस्ता चढत गेलो, आणि शेवटी मीच तीनदा बसले.

शिलालेख
तीन व्हायोलिनांच्या त्या घरात व्हायोलिन बनवणारं कुटुंब राहायचं. अंदाज जवळ होता तुमचा. पण क्रूसांचा अंदाज कसा बांधणार? फरशीवरचा क्रूस स्वतः काही बोलत नाही.

सातारकर
तुम्ही दोघं तिथे बसून वाद घाला. आम्ही पुढच्या मे महिन्यात व्हिएन्नाला चाललोय. पहिल्या दिवशी जुन्या शहराभोवतीच्या रिंग रोडची ट्राम, आणि दुपारी दोन तास झोप. बायकोला तसं कबूल केलंय.